रूपक आणि इतिहास : ‘कीचकवध’ मुलांना कसे वाचून दाखवावे?

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



संस्थेच्या चालकांनी आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तीबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य गेले ते प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे. तेव्हा पंडितांच्या सभेत शोभेल असे काही आम्हांपाशी नाही. परंतु मुलांना वाचावयास कसे शिकवावे, या एकाच प्रश्नाचा विचार आम्ही पस्तीस वर्षे केला आहे, आणि निवृत्तीनंतरही हायस्कुलातील काही मुलेमुली संध्याकाळी आमच्याकडे वाचनास येतात, त्यांच्या संगतीने तो चालूच आहे. त्यातील एक प्रकरण आज आपणांपुढे मांडतो. ते म्हणजे राजकीय रूपक. ज्या कृतीत एक कथा उघड असते आणि दुसरी पडद्याआड असते, ती कृती मुलांच्या हाती कशी द्यावी?

कोणी म्हणेल, हा विषय कॉलेजातील प्राध्यापकांचा. आम्हांस तसे वाटत नाही. रूपक हे आपल्या घरातलेच आहे. नाथांचे विंचवाचे भारूड ज्याने गावच्या उत्सवात ऐकले, त्याला तो विंचू ओसरीवरचा नव्हे हे कोणी शिकवावे लागत नाही. पंडितराज जगन्नाथाच्या अन्योक्तीत बोलणे हत्तीशी किंवा भ्रमराशी आणि टोला माणसाला, ही तऱ्हाही जुनीच. सासूने लेकीला बोलावे आणि सुनेला लागावे, ही म्हण तर आपल्या सर्वांच्या परिचयाची. म्हणजे आडून बोलणे समजण्याची शक्ती मुलांत असतेच. शिकवावयाचे असते ते पुढचे : आडून का बोलावे लागले, कोणत्या साली, कोणाच्या भीतीने, आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून काय घेतले.

यासाठी आम्ही निवडलेली कृती म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक. खाडिलकर हे मूळचे सांगलीचे, जन्म १८७२ चा. ते लोकमान्य टिळकांचे ‘केसरी’तील सहकारी. हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्र नाटक मंडळीने ते गाजविले. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. मराठीत राजकीय रूपकाचे याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाही, आणि नाशिकच्या मुलांना तर ते अगदी जवळचे आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

प्रथम आम्ही मुलांना नाटकही सांगत नाही आणि इतिहासही सांगत नाही. प्रथम विराटपर्व सांगतो. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राहिले आहेत. धर्मराज कंक झाला आहे, भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात आहे, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येस नृत्य शिकवीत आहे आणि द्रौपदी सैरंध्री म्हणून राणी सुदेष्णेच्या सेवेत आहे. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती. राजा नावाचा, सत्ता त्याची. त्याची दृष्टी सैरंध्रीवर पडते. ती नकार देते. भर सभेत तो तिला लाथ मारतो आणि राजा गप्प बसतो. धर्मराज तिला धीर धरावयास सांगतो. ती रात्री उठून पाकशाळेत जाते व भीमास जागे करते. पुढे नर्तनशाळेत काय झाले ते आपण जाणता.

ही कथा मुलांनी कथा म्हणून ऐकावी, तिच्यात रडावे, रागवावे, हा आमचा पहिला नियम. ज्या मुलाला सैरंध्रीची लाज आणि संताप जाणवला नाही, त्याला रूपक सांगून उपयोग नाही. मूळ चित्रच न पाहता त्याची सावली मोजण्यासारखे ते आहे.

दुसरी पायरी काळाची. येथे आम्ही फळ्यावर साले मांडतो. लॉर्ड कर्झन १८९९ साली व्हाइसरॉय होऊन आले. १९०४ साली त्यांनी विद्यापीठांचा कायदा केला. त्यामुळे विद्यापीठांवर सरकारची पकड वाढली, असे सुशिक्षितांस वाटले. १९०५ च्या फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यांनी सत्यनिष्ठेचा उच्च आदर्श हा मुख्यतः पाश्चात्त्यांचा, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि देशभर संतापाची लाट उसळली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला बंगालची फाळणी अमलात आली. बहिष्कार, स्वदेशी, विलायती कापडाच्या होळ्या, हे सर्व त्यातूनच पेटले. राष्ट्रसभेत दोन पक्ष स्पष्ट होऊ लागले : अर्जविनंत्यांच्या मार्गाने जाणारे नेमस्त आणि त्या मार्गावरचा विश्वास उडालेले जहाल.

एवढे झाले की मग नाटक हाती घ्यावयाचे; आणि मग काही सांगावेच लागत नाही. उन्मत्त अधिकारी कोण, अपमानित स्त्री कोण, धीर धरा म्हणणारा थोरला भाऊ कोण आणि दात-ओठ खाणारा धाकटा कोण, हे मुले आपणहून बोलू लागतात. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात १९१० च्या जानेवारीत या नाटकाविषयी जो लेख आला, त्यातही हाच उलगडा केला होता : कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे नेमस्त, भीम म्हणजे जहाल, आणि दुबळा विराट म्हणजे व्हाइसरॉयला मोकळे रान देणारे विलायतेतील सरकार. नाटकात कोठेही ते नाव उच्चारलेले नाही, परंतु नाट्यगृहातील प्रत्येकाला ते ठाऊक आहे, असेही त्या लेखकाने म्हटले होते. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने हिंदी असंतोषावरील आपल्या १९१० च्या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली. त्याच पुस्तकातील मजकुराबद्दल टिळकांनी पुढे लंडनला अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ साली ते तो हरले.

बहुतेक मार्गदर्शिका येथे थांबतात. डावीकडे पात्रे, उजवीकडे माणसे, मध्ये बरोबरीचे चिन्ह. पाठ करा, पाच गुण घ्या. आमचे म्हणणे असे की, खरे शिकविणे येथून सुरू होते. ही यादी म्हणजे कुलपाची किल्ली खरी. पण किल्ली फिरविली म्हणजे घर पाहून झाले असे नव्हे.

पहिली गोष्ट, तारखा तपासावयाच्या. कोणी मुलगा हमखास म्हणतो, धर्मराज आणि भीम यांचा वाद म्हणजे सुरतेची फूट. परंतु सुरतेची राष्ट्रसभा मोडली ती १९०७ च्या डिसेंबरच्या अखेरीस. नाटक लिहिले गेले तेव्हा दोन्ही पक्ष एकाच मांडवात होते. डिसेंबर १९०६ मध्ये कलकत्त्यास दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली त्यांनी एकत्र बसून स्वराज्याचा उच्चार केला होता. म्हणून नाटकातील भाऊ भाऊच आहेत, वैरी नाहीत. थोरल्याचा मान राखूनच धाकटा बोलतो. हे बारकावे तारीख पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. भाऊच एकमेकांवर उठले म्हणजे काय होते, हा विषय खाडिलकरांनी पेशवाईची कथा घेऊन १९०९ च्या ‘भाऊबंदकी’त मांडला, आणि ते साल सुरतेनंतरचे आहे, हे मुले मग स्वतःच ओळखतात. तसेच, नाटक रंगभूमीवर आले तेव्हा कर्झनसाहेब हिंदुस्थानात नव्हतेच. १९०५ च्या नोव्हेंबरातच ते परत गेले होते. मग गेलेल्या माणसावर नाटक कशाला? तर माणूस गेला, फाळणी राहिली. ती रद्द झाली १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्ली दरबारात. म्हणजे कीचक हा एका माणसाचा मुखवटा नसून एका कारभाराचा आहे, हे तारखाच शिकवितात.

दुसरी गोष्ट, रूपक कोठे बसत नाही तेही पाहावयाचे. कर्झन उद्दाम होते हे खरे. पण १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदाही त्यांच्याच कारकीर्दीतला. आज आपण येथील पांडवलेण्यांना मुले घेऊन जातो, तेव्हा अशा वास्तू जपण्याच्या कामी त्या कायद्याचा वाटा होता हे लपविण्याचे कारण नाही. कीचकाला असा गुण नाही. असता तर नाटक पडले असते. नाटककाराला एक रेघ जाड काढावी लागते, इतिहासकाराला सर्व रेघा काढाव्या लागतात. मुलाला दोघांचेही काम कळले पाहिजे. ज्याने नाटकावरून इतिहास पाठ केला, त्याला दोन्ही कळले नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि ती आमच्या नाशिकची. रूपक जसे लेखकाच्या काळात वाचावयाचे, तसे ते वाचणाऱ्याच्या काळातही वाचावे लागते. आपल्या शहरात १९०० साली मित्रमेळा निघाला. त्यातून १९०४ साली अभिनव भारत. त्याच मंडळींतील कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, यांची देव आणि वीर यांच्या कथांवरची कवने गल्लीगल्लीत गायिली जात. बाबाराव सावरकर यांनी अशी कवने छापली, त्यांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९०९ च्या जूनमध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, येथे देवांची आणि शिवाजीसारख्या वीरांची नावे हे केवळ निमित्त आहे. खरा उपदेश चालू सरकारविरुद्ध शस्त्र धरण्याचा आहे. म्हणजे पाहा, रूपकाचा अर्थ लावण्याचे जे काम आपण शाळेत मुलांना देतो, तेच काम येथे न्यायाधीशाने केले, आणि त्या अर्थावर एका माणसाच्या आयुष्याची कित्येक वर्षे अंदमानात गेली. त्याही आधी, १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवछत्रपतींच्या तोंडी घातलेली एक कविता छापली गेली, एका आठवड्याने पुण्यात रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, आणि त्या अंकातील मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. वाचनाला असे मोल असते, हे मुलांनी जाणावे.

मग येते २१ डिसेंबर १९०९ ची रात्र. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती. त्यांच्या निरोपासाठी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा प्रयोग होता. तेथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या औरंगाबादेत शिकणाऱ्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ‘कीचकवधा’वरील बंदी त्याच १९१० सालची.

आता मुलांच्या मनात या दोन गोष्टी चटकन एकमेकींना चिकटतात. त्या रात्री ‘कीचकवध’च चालू होते, असे सांगणारी मुलेच काय, मोठी माणसेही आम्हांस भेटली आहेत. तसे नव्हते. त्या रात्री चालू होते देवलांचे ‘शारदा’. म्हाताऱ्या नवऱ्याला पैशासाठी विकल्या जाणाऱ्या मुलीची ती कथा. तिच्यात राजकारण औषधालाही नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ म्हणजे ‘म्हणून’ नव्हे, हा तर्काचा पहिला धडा आम्ही याच ठिकाणी शिकवितो. १९०७ साली नाटक पाहणाऱ्याने टिळकांचा १९०८ चा तुरुंगवास पाहिला नव्हता, बाबारावांची शिक्षा पाहिली नव्हती, जॅक्सनचा खून पाहिला नव्हता. १९१० च्या जानेवारीत ते वाचणाऱ्या साहेबाने हे सर्व पाहिले होते. महाभारतात भीमाने कीचकानंतर एकशे पाच उपकीचक मारले. तेव्हा येथील सर्व इंग्रजांच्या कत्तलीचाच हा इशारा, असा अर्थ त्या ‘टाइम्स’च्या लेखकाने काढला. नाटकाचा एक शब्दही बदलला नव्हता. वाचणाऱ्याच्या भोवतीची हवा बदलली होती. भीतीने वाचले की अक्षर मोठे दिसते.

एकदा वाचनवर्गात नववीतील एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, मग जॅक्सन हा कीचकच होता ना?’’ प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही उत्तर दिले नाही. त्याला दोन गोष्टी शोधून आणावयास सांगितल्या. तो आठवड्याने आला. एक, बाबारावांचा खटला सेशन्सकडे पाठविणारे अधिकारी जॅक्सनच होते. दोन, ते संस्कृताचे जाणकार होते व लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. मुलगा म्हणाला, ‘‘गुरुजी, हे दोन्ही एका माणसात बसत नाही.’’ आम्ही म्हटले, ‘‘बाळ, नाटकात बसत नाही, माणसात बसते.’’ कान्हेऱ्यांच्या त्यागापुढे आमचे मस्तक नम्र आहे. परंतु त्यांच्या हातून झाले ते कोणत्या नाटकाचे भाषांतर नव्हते, तो त्यांचा निर्णय होता, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. कथेला खुनाचे श्रेय देणे आणि कथेवर खुनाचा आरोप ठेवणे, दोन्हींत त्या तरुणाची जबाबदारी आपण हिरावून घेतो.

त्याच वर्गातील एका मुलीचा प्रश्न याहून खोल गेला. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, सैरंध्री म्हणजे देश, असे आपण लिहून घेतले. पण मग सैरंध्री कोठे गेली?’’ खरोखर, रूपकाची हीच मोठी जोखीम आहे. अपमान झाला तो एका बाईचा. ती परघरी राबते आहे, मालकिणीचा भाऊ तिला छळतो आहे, सभा पाहत बसली आहे आणि घरचे वडीलधारे गप्प राहा म्हणत आहेत. ही गोष्ट १९०५ सालाशिवायही खरी आहे आणि आजही कोठल्या तरी घरात घडत असेल. तिला भारतमाता केले की आपण हात जोडतो आणि तिचे दुःख मात्र विसरतो. आम्ही त्या मुलीला म्हटले, व्यासांची द्रौपदी कोणाची वाट पाहत बसत नाही. न्याय मिळत नाही असे दिसताच ती स्वतः उठून भीमाला जागे करते. चांगले रूपक मूळ कथेला खाऊन टाकीत नाही. १९०७ चा प्रेक्षक रडला तो आधी बाईसाठी आणि मग देशासाठी, म्हणूनच ते नाटक चालले.

ही रीत केवळ आपल्याच वाङ्मयाला लागू आहे असे नाही. जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक, जन्माने बिहारातील मोतीहारीचा. त्याची जनावरांच्या शेतवाडीची गोष्ट १९४५ साली प्रसिद्ध झाली. आत आहे ती १९१७ ची रशियन क्रांती आणि स्टालिनचा कारभार. युद्धात रशिया इंग्रजांचा दोस्त होता, म्हणून ती छापावयास कित्येक प्रकाशकांनी नकार दिला. तेथेही तीच तीन कामे करावी लागतात : गोष्ट गोष्ट म्हणून ऐकणे, काळ समजून घेणे, आणि कोणी केव्हा त्यातून काय वाचले ते पाहणे. नुसते डुकराचे नाव आणि पुढाऱ्याचे नाव जोडणारा विद्यार्थी दोन्हीकडे सारखाच कोरडा राहतो.

आपण विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? परीक्षेत तर यादीलाच गुण आहेत. आमचे उत्तर असे. जुन्या कथांचे मुखवटे आजही रोज वापरले जातात. कोणीही उठतो, एखाद्याला रावण ठरवितो, दुसऱ्याला शकुनी म्हणतो आणि स्वतःला पार्थ म्हणवून घेतो. जो मुलगा केवळ यादी शिकला, तो पुढे जो कोणी नवी यादी हाती देईल त्याच्या मागे जाईल. जो मुलगा ‘केव्हा? कोणी? कशासाठी? आणि कोठे जुळत नाही?’ हे चार प्रश्न विचारावयास शिकला, त्याला कोणी सहजी नादी लावू शकणार नाही. आपली ज्ञाती लहान. शिक्षणाशिवाय आपणांस दुसरा आधार नाही. तेव्हा आपल्या मुलांना पाठांतराबरोबर हे शहाणपणही मिळावे, एवढीच आमची इच्छा आहे.

म्हणून संस्थेला एक विनंती करतो. बक्षिसांबरोबर मुलांना एक कोरी वही द्यावी व तिच्या पानावर तीन रकाने आखावयास सांगावे. पहिल्यात कथा, दुसऱ्यात काळ, तिसऱ्यात निरनिराळ्या वाचकांनी घेतलेला अर्थ. पालकांना विनंती अशी की, रात्री जेवणानंतर अर्धा तास मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि मूल ‘हे म्हणजे ते’ असे म्हणाले की हळूच विचारावे, ‘‘कशावरून?’’ त्या एका शब्दात आमचे सारे अध्यापन आले.